गारबाईचं ताजं पाणी

गारबाईचे हात गार होते, म्हणून ती गारबाई. कुणी चिडवायला ठेवलेलं नाव नव्हतं ते. उंच माणसाला लंबू म्हणतात तसं ते पडलं आणि चिकटलं. काचघरात काम करणाऱ्या बायकांपैकी कुणाचं डोकं दुखलं, की ती तिच्यासमोर येऊन बसायची आणि म्हणायची, "ठेव गं जरा हात." गारबाई मुकाट्यानं तिच्या कपाळावर तळवा ठेवायची. दुखणं उतरायचं की नाही देव जाणे, पण बसणारीच्या अंगावर काटा यायचा आणि ती घाईनं उठून कामाला लागायची. भर उन्हाळ्यातही तो हात तसाच. चहाचा पेला तिनं दोन्ही हातांत धरला, की हात तापायच्या आधी चहाच निवायचा.

हे हात जन्मापासून असे नव्हते. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा चारचौघींसारखीच होती, उलट जरा जास्तच बोलकी. आज जिथं काचघर आहे तिथं तेव्हा बर्फाचा कारखाना होता आणि तिचा नवरा तिथं कामाला होता. डोंगरावरचं बर्फ वितळून खाली येणारं पाणी एका दगडी नळातून कारखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत आणलेलं होतं. त्या खोलीला खिडकी नाही, भिंती हातभर जाड, आणि मधोमध दगडानं बांधलेला खोल हौद. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या हौदाची तऱ्हाच वेगळी होती. ऊन जितकं तापेल तितकं वर बर्फ वितळणार, आणि तितकं खालचं पाणी गार होणार.

एके दिवशी तिचा नवरा त्या हौदात घसरला. गलका झाला, आकडे टाकले, त्याला वर काढलं, पण उशीर झाला होता. तिला बोलावणं आलं. ती आली, त्याचा हात हातात घेऊन बसली, आणि लोक उठवायला आले तरी तिनं तो सोडला नाही. शेवटी दोघींनी मिळून तिची बोटं एकेक करून सोडवली. तेव्हापासून तिचे हात कधी तापले नाहीत. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, रक्त नीट फिरत नाही. शेजारीपाजारी म्हणाले, नवऱ्यानं तिचा हात सोडलेला नाही. मला विचाराल तर दोघांनाही आपापल्या जागी बसू द्यावं. अशा गोष्टीत न्यायनिवाडा करायला जाऊ नये.

पुढं घरोघरी फ्रिज आले आणि बर्फाचा कारखाना बंद पडला. त्या आवारात काचेचं मोठं हरितगृह उभं राहिलं. लोक त्याला काचघर म्हणू लागले आणि गारबाई तिथं कामाला लागली. हौदाची खोली मात्र कुणी पाडली नाही. भिंती इतक्या जाड की पाडणाऱ्यांनी हात टेकले. ती तशीच कोपऱ्यात राहिली, कुलूप नाही, नुसती कडी. बायका तिच्यावरून जाताना पावलं उचलायच्या. गारबाई मात्र रोज आत जायची.

त्याचं कारण सांगायचं तर तिचा स्वभाव सांगावा लागेल. शिळं पाणी तिला चालायचं नाही. शिळं अन्न ती मुकाट्यानं खाईल, पण पाणी ताजंच हवं. घरी कुणी आलं की भरलेला माठ ओतून नवं पाणी भरणार आणि मग पेला पुढं करणार. तहानेनं जीव जायची वेळ आलेला पाहुणा तोवर दारात ताटकळत बसलेला. "पाणी द्यायचं तर ताजं द्यावं, नाहीतर तोंडानं गोड बोलावं आणि वाटेला लावावं," असं तिचं म्हणणं. अशा बाईला काचघराची रीत पटणार कशी? तिथं छपरावर एक काळी टाकी होती. तिच्यात पाणी दिवसभर उन्हात पडून राहायचं आणि मग बारीक नळ्यांतून एकेका रोपाच्या पिशवीत थेंबथेंब उतरायचं. "उन्हात उकळलेलं ते शिळं पाणी," ती मनात म्हणायची, "आपण पिऊ का? मग त्या मुक्या जीवांना कशाला?"

इतकी वर्षं तिचं काम तोडणीचं आणि पेट्या भरण्याचं होतं, तेव्हा तिच्या या मताला विचारतो कोण. पण या हंगामात मुकादमानं तिला पहिल्यांदाच स्वतःची ओळ दिली. काकडीची कोवळी रोपं, काळ्या पिशव्यांत लावलेली, दोऱ्यांवर चढवायची. तिला इतका आनंद झाला की पहिल्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी येऊ लागली. नळ्यांचं पाणी होतंच. वर ती आपल्या हातानं प्रत्येक रोपाला झारीभर ताजं पाणी घालायची. सकाळी एकदा, आणि जेवायला सगळे बाहेर गेले की दुपारी एकदा. पाणी अर्थात हौदाचं, ती स्वतः पिण्यासाठी इतकी वर्षं काढायची तेच. गावात त्याच्याइतकं ताजं दुसरं कुठलं?

आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. बादली सोडली, ती पाण्याला टेकली, की दोराला खालून ओढ लागायची. आधी नुसतं हात लावून पाहिल्यासारखं. मग दोर ताठ व्हायचा आणि कुणीतरी बादली धरून बसल्यासारखं ती वर यायचीच नाही. गारबाई घाबरली फक्त पहिल्या वेळी. नंतर ती त्या काळोखात वाकून हळूच म्हणायची, "घेतलंत? आता सोडा." जरा वेळानं ओढ सुटायची आणि बादली भरून वर यायची. नवऱ्याशी इतक्या वर्षांत तिचं एवढंच बोलणं राहिलं होतं, आणि तेवढं तिला पुरत होतं.

मग रोपं मान टाकायला लागली.

पहिल्यांदा तिला वाटलं, ऊन लागलं असेल. पण बाजूच्या ओळी ताठ उभ्या होत्या. दुपारी सगळे बाहेर जेवत बसलेले, काचांवर आतून वाफ धरलेली, कुठं पान हलत नाही, आणि ती आपल्या ओळीतून झारी घेऊन चाललेली. सहज मागं वळून पाहिलं तर जिथंजिथं ती होऊन गेली तिथली रोपं वाकलेली. पुढची अजून उभी. ती उभी राहिली तेव्हा शेजारच्या रोपाचं वरचं पान तिच्या डोळ्यांदेखत खाली आलं, एखाद्यानं मान हलवून हो म्हणावं तसं. मग त्याच्या पुढचं. आवाज नाही, काही नाही. तिनं पिशवीत बोट खुपसलं. माती गच्च ओली. मूठभर उचलून पिळली तर बोटांमधून पाणी गळलं. पायाशी एवढं पाणी असताना रोप तहानेनं मरत होतं.

तिला त्या क्षणी जे वाटलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पाणी आहे, पण वर जात नाही. म्हणजे ते खाली कुणीतरी धरून ठेवलंय.

संध्याकाळी ऊन उतरलं की रोपं पुन्हा मान वर करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, आणि दर दिवशी मान जरा कमी वर यायची. खालची पानं पिवळी पडली. वाढ खुंटली. मुकादम येऊन बघून गेला. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि प्रत्येक रोगावर त्याच्याकडं एकच औषध असे. "पाणी वाढवा, खत वाढवा." गारबाईनं पाणी वाढवलं, तेही हौदाचंच. खताची मात्रा वाढली. रोपांनी त्याला तोंड लावलं नाही. पिशव्यांच्या कडांवर खताचा पांढरा थर धरला, आणि एकेक रोप पांढऱ्या पायांनी उभं असल्यासारखं दिसू लागलं.

ते बघून कोण आधी बोललं, कुणास ठाऊक. पण एकदा बोलल्यावर ते ओळीओळीतून फिरलं. "रोपांचे पाय पांढरे नाहीत बाई, पांढऱ्या पायाची दुसरीच कुणीतरी आहे." लोकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? नवरा गेला, कारखाना गेला, आता रोपं. जोडायला बसलं की सगळं जुळतं. मुकादमानं वाद मिटवायला तिला दुसरी ओळ दिली आणि तिची ओळ दुसरीला. आठवडाभरात गारबाईची जुनी ओळ तरारून उठली आणि नवीन ओळीनं मान टाकली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली म्हणावं, तर इथं कावळा उठून दुसऱ्या फांदीवर बसला आणि तीही मोडली. मग कुणाच्या मनात शंका राहिली नाही. डोकं दुखलं तरी कुणी तिच्यासमोर येऊन बसेना.

तिच्या स्वतःच्याही मनात शंका राहिली नाही, आणि खरी गोष्ट इथं आहे. कारण घरी तान्ही नात होती.

मुलगा मालाची गाडी चालवायचा आणि आठवडेच्या आठवडे बाहेर असायचा. घरात सासू, सून आणि ते एवढंसं बाळ. सून शिवणकामाच्या कारखान्यात होती. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि तिनं मुद्दाम दुपारची पाळी मागून घेतली होती. सासूबाई काचघरातून आल्या की बाळ त्यांच्याजवळ द्यायचं आणि आपण निघायचं, असा साधा हिशेब. तो हिशेब बाळ जन्मायच्या आधीच ठरला होता आणि गारबाईनंच ठरवला होता. पण आता बाळ पुढं केलं की ती म्हणायची, "हात मातीचे आहेत गं." हात धुऊन आली की, "हात ओले आहेत." पुसून झाले की तिला काहीतरी आठवायचं आणि ती अंगणात जायची. जन्मल्यापासून तिनं नातीला एकदाही उचललं नव्हतं. पाळण्याला झोका द्यायची, तोही दोरीनं, लांबून. कोवळ्या जीवाला आपला हात लागला आणि त्यानंही मान टाकली तर? बाळानं तर अजून मानही धरली नव्हती.

सुनेला यातलं काय माहीत? काचघरातली बोलणी तिच्या कानावर आली होती, तिनं ती हसण्यावारी नेली होती. तिला वेगळंच डाचत होतं. एकदा ती फोनवर नवऱ्याशी बोलत होती आणि गारबाई पडद्यामागं कपडे घड्या करत होती.

"अहो, आईंना तिची ओढच नाही. उचलत नाहीत, जवळ घेत नाहीत. मी काय म्हणू? ...नाही, भांडण नाही काही. माझी आई बाळाला न्यायला यायला तयार आहे. वर्षभर राहील तिकडं. मी सुट्टीला जाऊन भेटत जाईन." मग बराच वेळ ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मला तरी कुठं बरं वाटतंय."

गारबाईच्या हातातलं झबलं घडी घालायचं राहिलं. ओढ नाही म्हणे. तिला तिथंच खाली बसून रडावंसं वाटलं, पण बाळ झोपलं होतं.

त्यानंतर तिनं एक पैज लावली, स्वतःशीच. काचघरातलं एक काकडीचं रोप ती घरी घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. हे जगलं तर मी तिला उचलीन. सुनेनं विचारलं, "हे कशाला हो?" तर म्हणाली, "असू दे, हिरवं बरं दिसतं." आणि त्या रोपाची तिनं डोळ्यांत तेल घालून सेवा केली. काचघरातून येताना हौदाचं पाणी बाटलीत भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची, म्हणजे वाटेत शिळं व्हायला नको. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ती खिडकीसमोर स्टूल घेऊन बसली. ऊन थेट रोपावर होतं. शेजारच्या खोलीत बाळ झोपेत हुंकार देत होतं. तिच्यासमोर वरचं पान हळूहळू खाली आलं आणि खिडकीच्या चौकटीला टेकलं.

विहीणबाई येत्या आठवड्यात न्यायला येणार, असं ठरलं.

काचघराच्या मालकानं अखेर पिकांची डॉक्टर बोलावली. ती किरकोळ अंगाची बाई, केस आखूड कापलेले, खांद्याला भलीमोठी पिशवी आणि बोलणं नाकासमोर. आल्याआल्या ती रोपांकडं बघायचं सोडून गुडघ्यांवर बसली आणि पिशव्यांकडं बघू लागली. तिनं एक रोप मुळासकट बाहेर काढलं. मुळं तपकिरी आणि आखूड होती, पांढरा कोवळा तंतू एकही नव्हता. मुकादम तिच्या मागं उभा होता. इतर बायका शेजारच्या ओळींतून हात चालवत कान इकडं लावून होत्या.

"मी तर पहिल्यापासून म्हणतोय," मुकादम म्हणाला, "कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरतच नाहीये, तीच तर अडचण आहे," डॉक्टर म्हणाली. दोघीतिघी हसल्या. मुकादम हसला नाही.

तिनं पिशवीतून लांब सळईसारखा तापमापक काढून मातीत खुपसला आणि आकडा वाचून कपाळाला आठी घातली. मग शेजारच्या ओळीतल्या पिशवीत खुपसला. पुन्हा गारबाईच्या ओळीत. जमिनीला हात लावून पाहिला, नळीतलं पाणी बोटावर घेऊन पाहिलं. "विचित्र आहे," ती म्हणाली. "नळीतलं पाणी कोमट, जमीन कोमट, हवा तर भट्टीसारखी. आणि या एवढ्याच ओळीतली मुळं गारठलेली. वर उन्हाळा आणि खाली हिवाळा."

"गारठ्यानं काय होतं?" मुकादमानं विचारलं.

"वर पानातून ऊन पाणी काढून घेतं. ते भरून द्यायचं काम मुळांचं. पण मुळं गारठली की त्यांची ओढ जाते. पाणी पायाशी असतं, ते ओढून घेता येत नाही. थंडीत तेल कसं जड होतं, तसं पाणीही जड होतं आणि मुळंही आखडतात, पाणी आत घ्यायच्या वाटा मिटून घेतात. खताचंही तेच. ताट वाढलेलं आहे आणि खाणाऱ्याला घास उचलवत नाही. मग ते खत असं बाहेर साचतं." तिनं पिशवीच्या कडेचा पांढरा थर नखानं खरवडला. "काकडी तर याबाबतीत फारच नाजूक. प्रश्न एवढाच, की गारठा येतो कुठून? या ओळीला वेगळं काही केलं जातं का?"

सगळ्यांनी एकाच दिशेनं बघितलं.

गारबाई झारी हातात घेऊन उभी होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळणार नव्हतं. ती सकाळी कधी येते आणि दुपारी काय करते, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पांढऱ्या पायाची म्हणवून घेण्याची तिला आता सवय झाली होती. पण रोपांना मी मारलं, माझ्या हातानं, रोज, हे तोंडानं सांगायचं, आणि तेही या सगळ्यांसमोर? शिवाय सांगितलं की हौद जाणार, हेही तिला कळत होतं. मुकादम उद्याच त्याच्यावर फरशी टाकेल. तिला दोराची ती ओढ आठवली. आणि मग डॉक्टरचा शब्द आठवला. मुळं गारठली की ओढ जाते. तोच शब्द सुनेनं फोनवर वापरला होता.

"मी वरून पाणी घालते," ती म्हणाली. "ताजं. हौदातलं."

डॉक्टर उठून उभी राहिली. "कुठल्या हौदातलं?"

खोलीत तिच्याबरोबर डॉक्टर एकटीच गेली. मुकादम उंबऱ्यापाशी थांबला. म्हणाला, आत दम लागतो. दार उघडलं तसा बाहेरच्या उन्हात गार श्वास आल्यासारखा आला. गारबाईनं बादली सोडली. दोर ताठ झाला.

"बघू," डॉक्टर म्हणाली आणि तिनं दोर आपल्या हातात घेतला. तो दोनदा हलवून पाहिला. मग म्हणाली, "खालून वाहतंय पाणी. जुना नळ चालू असेल, त्याची ओढ आहे ही." तिनं दोन्ही हातांनी खेचलं, तरी बादली आली नाही. तिनं आणखी जोर लावला. दोर तिच्या तळव्यातून उलटा खाली सरकला, वीतभर, हळूच. डॉक्टरनं एकदम हात सोडले. गारबाईनं दोर पकडला आणि सवयीनं ओठातल्या ओठात ते नेहमीचे शब्द म्हणाली. बादली वर आली.

डॉक्टरनं पाण्यात तापमापक बुडवला, आकडा पाहिला आणि मान हलवली. पण ती हात रुमालाला पुसतच राहिली. बाहेर उन्हात आल्यावर तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही आत काय म्हणालात?"

"काही नाही. सवय आहे." मग गारबाईनं धीर करून विचारलं, "म्हणजे हे माझ्या पायानं नाही होत?"

"पायानं?" डॉक्टरला कळायला वेळ लागला. मग तिचा चेहरा मऊ झाला. "तुमच्या पायाचा काय संबंध? तुमच्या बादलीनं होतं. रोपांना तुम्ही माया लावलीत, फक्त ती फार गार होती. पाणी आदल्या दिवशी काढून उन्हात ठेवा. शिळं झालं की घाला."

"शिळं?" गारबाई म्हणाली.

"शिळंच."

मुकादमाच्या तोंडात तीळ भिजत नसल्याचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळींत कळलं की गारबाईची बादली वाईट, बाई नव्हे. दोघी येऊन तिच्याशी उगाच हवापाण्याचं बोलून गेल्या. माफी मागण्याची आपल्याकडची ही एक पद्धत आहे. तिनं ती गोड मानून घेतली. ओळीला टाकीचं कोमट पाणी मिळू लागलं. ज्यांची मुळं पार गेली होती ती रोपं गेली, बाकीच्यांनी हळूहळू मान वर केली.

हौदावर फरशी टाकायला माणसं येणार होती, त्या दिवशी दुपारी ती शेवटची खोलीत गेली. बादली सोडली. ती पाण्याला टेकली, हात लावून पाहिल्यासारखं झालं, मग दोर ताठ झाला. ती वाकली. रोजचे शब्द तोंडावर आले होते. ते तिनं गिळले.

"अहो, मी आता यायची नाही," ती म्हणाली. "घरी एक आहे, तिला माझी गरज आहे. तुमच्याकडं बघू की तिच्याकडं?"

ओढ तेवढीच राहिली. तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. हा दोर आपण धरलाय की दोरानं आपल्याला, हे तिला इतक्या वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. तिनं बोटं एकेक करून उघडली. या वेळी ती सोडवायला कुणी लागलं नाही. दोर कठड्यावरून सरसरत गेला आणि त्याचं टोकही खाली गेलं. पाण्याचा आवाज झाला नाही. ती कान देऊन उभी राहिली तरी झाला नाही. मग तिनं बाहेर येऊन कडी लावली.

घरी आली तेव्हा सून पलंगावर बाळाचे कपडे पिशवीत भरत होती. विहीणबाई उद्या येणार होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतली जागा रिकामी दिसली.

"ते रोप मी टाकून दिलं हो," सून म्हणाली. "पार गेलं होतं. देठ पण मऊ पडलेला."

पैज हरली होती. गारबाई त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली. खिडकीच्या दगडावर ऊन होतं. तिनं दोन्ही तळवे त्या तापलेल्या दगडावर टेकले आणि तशीच उभी राहिली, इतका वेळ की सून हातातलं काम टाकून बघायला लागली.

"आई, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. पाणी शिळं करतेय," ती म्हणाली. सुनेला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मग गारबाई पाळण्यापाशी आली आणि तिनं हात पुढं केले. "दे तिला इकडं."

सून क्षणभर जागची हलली नाही. मग तिनं बाळ उचलून सासूच्या हातांत ठेवलं, आणि आपले हात मात्र खालीच धरून ठेवले.

बाळ दचकलं. हात उन्हातून आले होते, तरी गारच होते. बाळाचं तोंड वाकडं झालं, आता रडणार म्हणून दोघींनी श्वास धरला. गारबाईनं मानेखालचा तळवा घट्ट केला, जीव गोळा करून. बाळ रडलं नाही. त्यानं तिचं बोट मुठीत पकडलं. आधी नुसतं हात लावून पाहिल्यासारखं. मग मूठ आवळली आणि ते बोट आपल्या तोंडाकडं खेचायला लागलं. ती ओढ गारबाईच्या ओळखीची होती. ती पलंगाच्या कडेवर बसली.

ती वाट बघत राहिली. जरा वेळानं ओढ सुटायची, ही तिची इतक्या वर्षांची सवय. ओढ सुटली नाही. बोटाच्या टोकाला ऊब लागली, मग पेराला.

"घेतलंस?" ती हळूच म्हणाली. सून पिशवीतले कपडे परत बाहेर काढत होती. "आता सोडू नकोस."